कूलरपुढची गिटार

गिटारवाल्यांची माझी यादी लहान आहे आणि तिच्यात एकही प्रसिद्ध माणूस नाही. शाळेत मधल्या सुट्टीत हा विषय निघाला की तरुण शिक्षक परदेशी नावं घेतात आणि मी डबा खात बसते, कारण माझे दोन्ही लाडके वादक धुळ्याचे. एकाचं कापडाचं दुकान होतं, दुसरे पाटबंधारे खात्यात कारकून. मोठ्या शहरांत तिकिटं काढून मीही थोर लोक ऐकलेत. मागच्या पडद्यावर त्यांची बोटं हातहातभर दिसतात. छान वाजवतात, नाही म्हणत नाही. पण घरी परतल्यावर माझ्या लक्षात राहतं ते गाडी लावायला जागा कुठे मिळाली हे.

कापड दुकानवाले शेठजी मारवाडी होते. दुपारी दोन ते चार बाजार झोपायचा तेव्हा ते गादीवर बसून मांडीवर गिटार आडवी घ्यायचे आणि डाव्या हातातली बोटभर पोलादी कांडी तारांवरून सरकवायचे. सूर असा वळायचा की आत कुणीतरी गुणगुणतंय असं वाटावं. मी आईबरोबर परकराचं कापड घ्यायला गेले तेव्हा ते पहिल्यांदा ऐकलं. "बैठो बाई, इतना पूरा कर लूं," असं आईला म्हणून त्यांनी खरंच पूर्ण वाजवलं आणि मग कापड फाडलं. आई रस्ताभर करवादत होती आणि मी खूश होते.

त्या दुकानात सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यात बसून ऐकणारा एक माणूस होता, ते आमच्या गल्लीतले, सदा अहिराणीत बोलणारे नाना. दिवसा सरकारी फायली आणि संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार. गायक पुढे, गायिका त्याच्या बाजूला, मग कीबोर्ड, आणि त्याच्याही मागे नाना. समोरून फक्त त्यांचा भांग दिसायचा.

धरणगावला माझ्या मामेबहिणीची हळद होती तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. पुढे नाचणाऱ्यांची झुंबड, म्हणून मी स्टेजच्या मागे जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांची बोटं जवळून बघितली. गायक दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायचा तेवढ्यात नाना एक तुकडा वाजवायचे. सहा-सात सुरांचा, खाली उतरत जायचा आणि शेवटी अचानक एकच पायरी वर चढून थांबायचा. गाणं कुठलं होतं ते मला आज आठवत नाही. तो तुकडा मात्र मी रात्रंदिवस गुणगुणत होते.

त्या रात्री गाणी संपल्यावर मी नानांना गाठलं. "नाना, ते मधलं परत वाजवा ना."

"कोणतं वं?"

मी गुणगुणून दाखवलं. नानांनी गिटार खाली ठेवली आणि माझ्याकडे बघतच राहिले. "आख्खा मांडवमा तुलेच ऐकू उनं!" मग हसले. "ते गानं नही पोरी, मधलं शे. मधलं कधी एकलं वाजाडतस का?"

पुढे मी विज्ञान शिकले, लग्न होऊन जळगावला आले, नववी-दहावीच्या पोरांना बाष्पीभवन शिकवू लागले. नाना निवृत्त झाले. डीजे आला तसे ऑर्केस्ट्रे बसले, आणि नाना घरीच लाकडी गिटार वाजवत राहिले. धुळ्याला गेले की मी ऐकायचे. पण दारात भाजीवाला, आत कुकरची शिट्टी, मध्येच कुणी चहा आणणार. हातातलं सोडून, समोर बसून त्यांना ऐकणाऱ्या चारशे माणसांत आपण असावं ही माझी इच्छा राहून गेली होती.

या एप्रिलअखेर त्यांचा फोन आला. जळगावच्या एका संगीत मंडळाने त्यांना तासभर एकट्याने वाजवायला बोलावलं होतं. "माले यकलाले बलायेल शे, पोरी. मांगे नही, पुढे बसानं शे." अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरांचा होतो तसा झाला होता. मी पहिल्या रांगेतली खुर्ची सांगून ठेवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ते धुळ्याहून आले. त्यांना पुढे चोपड्याला पुतणीकडे जायचं होतं, दुसऱ्या दिवशी तिथून थेट हॉलवर यायचे होते. भर उन्हात एसटीत गिटार कशाला फिरवायची म्हणून ती माझ्याकडे ठेवली. एवढंच म्हणाले, "ऊनमा ठेवू नको."

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. आमच्याकडे त्या दिवसांत माणूस आला की आधी त्याला कूलरपुढे बसवतात, पाणी नंतर. मी गिटार पेटीतून काढली, खुर्चीत उशी लावून बसवली आणि कूलर पूर्ण वेगावर लावला. वाळ्याच्या नव्या ताट्या होत्या, टाकी काठोकाठ भरली होती. रात्रभर तिला गार ओला वारा लागला. सकाळी शाळेत जाताना मी टाकी पुन्हा भरली आणि स्वतःवर खूश होत स्कूटर काढली.

दुपारी चारला परत आले. नानांना गिटार चकाचक करून द्यावी म्हणून फडकं घेऊन बसले. तारा खालच्या बाजूला ज्या लाकडी पट्टीत अडकवलेल्या असतात तिला नाना घोडी म्हणतात. त्या घोडीच्या मागच्या कडेखाली केसाएवढी काळी रेघ दिसली. धूळ असेल म्हणून पुसली, तर ती जाईना. पर्समधलं बसचं तिकीट काढून त्याचा कोपरा रेघेत घातला आणि तो आत गेला.

मागे कधीतरी नानांनीच सांगितलं होतं की ही घोडी एकदा निघाली होती आणि धुळ्याच्या एका जुन्या सुताराने ती सरसाने बसवून दिली होती. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, ओलाव्याने मऊ पडतो. लाकूड दमटपणाने फुगतं. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. आणि ही बाई रात्रभर गिटारीला ओला वारा घालते! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कूलर बंद केला. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "तारा सैल करा मॅडम, दोन दिवस दाबून ठेवावी लागेल. आज वाजवली तर निघू शकते. माझ्याकडे एक बरी गिटार आहे, हॉलवर पाठवू का?"

आता इथे शहाण्या माणसाने "पाठवा" म्हटलं असतं. मी "विचारून सांगते" म्हणाले आणि कुणालाच विचारलं नाही. दुसरी गिटार आली की कारण सांगावं लागणार, आणि मग नाना माझ्याकडे ज्या नजरेने बघतील ती मला नको होती. एवढंच कारण होतं, आणि ते लिहिताना आजही लाज वाटते. कदाचित टिकेल, तासभराचा तर प्रश्न आहे, असं म्हणत मी गिटार पेटीत घातली.

नाना साडेपाचला हॉलवर आले. चोपड्याहून येताना उन्हाने चेहरा तांबडा झालेला, पण पांढऱ्या शर्टाची घडी मोडलेली नव्हती. मी पेटी पुढे केली.

"बरी ठेवी ना?"

"हो नाना. एकदम थंड जागेत."

त्यांनी पेटी उघडली, वाकले, क्षणभर तसेच राहिले. मग माझ्याकडे पाठ करून तारा जुळवू लागले. फार वेळ जुळवत होते. मला दोनदा वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात मंडळाचे लोक त्यांना न्यायला आले आणि मी सुटल्यासारखी खुर्चीकडे पळाले.

सहाला सत्कार सुरू झाले. अध्यक्षांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, हॉल दिला त्यांचा सत्कार, मग टोपी-टॉवेल-नारळ देऊन नानांचा सत्कार. गिटार स्टँडवर उभी आणि वरून दोन मोठे दिवे तिच्यावर सोडलेले. एकेक नारळ हातात पडत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे तो सरस पघळत होता. देणगीदारांपैकी एक केळीचे व्यापारी बोलायला उभे राहिले ते बसेचनात. मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या शाळेत दिल्या असत्या तर नोकरी गेली असती.

शेवटी नाना पुढे येऊन बसले. माइक जवळ ओढला आणि पहिलं वाक्य बोलले, "तेवढा कूलर बंद करा."

हॉलच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे कूलर घरघरत होते. लोक कुरकुरले, तरी कुणीतरी ते बंद केले. नाना ज्या बाजूला बघत होते त्या बाजूला कूलर नव्हता. तिथे मी होते. मग वाटलं, छे, आवाजासाठीच म्हणाले असतील.

त्यांनी पहिली चीज सुरू केली. नेहमीपेक्षा सूर बरेच खालचे लागले होते, बोटंही हलकी पडत होती. मी मान पुढे काढून घोडी बघत होते. दिव्यात तिच्या मागची रेघ स्पष्ट दिसत होती, की मलाच दिसत होती कोण जाणे. चीज संपली, टाळ्या झाल्या, नानांनी कान लावून एक तार वर घेतली. तार ताणली जाताना मी श्वास धरला. बाजूच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, "उकडतंय."

दुसरी सुरू झाली. रेघ आता नखाएवढी झाली होती. मी तारा मोजत होते, त्यांची ओढ किती असेल याचा हिशेब करत होते, घोडी सुटली तर ती नानांच्या चेहऱ्यावर उडेल का हा विचार करत होते. कुठेतरी "टक्" असा बारीक आवाज आला. चारशे माणसांतलं कुणी हललं नाही. नानांनीही बोट थांबवलं नाही. फक्त एकदा डोळे उघडून समोर बघितलं आणि परत मिटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या. तिसरी चीज कशी गेली ते विचारू नका. घोडी उचलली की तारा वर जातात, दाबायला जड होतात, आणि नानांच्या कपाळावरची शीर मला खुर्चीतून दिसत होती.

तिसरी संपल्यावर ते थांबले. खूप वेळ थांबले. मंडळाचे सचिव उठायला लागले. मला वाटलं, संपलं, आता ते उठून आत जाणार, आणि एका माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक तास मी नासवला.

नानांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. शेठजींची पोलादी कांडी. शेठजी गेले तेव्हा ती नानांना दिली होती हे मला माहीत होतं, पण नानांनी ती लोकांत कधी वाजवलेली नव्हती. कांडीने वाजवायचं तर तारा दाबाव्या लागत नाहीत, उलट त्या उंचच हव्यात. उचललेली घोडी त्याला हवी तशीच होती. त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत हॉलमध्ये कुणी पुठ्ठ्यानेसुद्धा वारा घेतला नाही, म्हणतात. लोक उभे राहिले होते एवढं मी बघितलं. मी घोडीच बघत होते.

ती टिकली. साडेआठला मी नानांना माझ्या गाडीतून बसस्टँडवर सोडायला निघाले. मागच्या सीटवर पेटी, पुढे मांडीवर नारळ घेऊन नाना. हॉलचं फाटक ओलांडायच्या आत मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. कूलर, तिकीट, दुकानदार, सगळं.

नाना शांतपणे म्हणाले, "माले माहीत व्हतं. पेटी उघाडी नि वाळाना वास उना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतू ते तू सुखमा ऐकती का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "घोडी काय, परत बशी जाई." मग दहावीच्या निकालाच्या दिवशीचा तो आवाज पुन्हा आला. "ते ऱ्हाऊ दे. दुसरी चीज वळखी का तू?"

"दुसरी?"

"दुसरी वं. तीच टाईमले ते तुनाकडे देखं मी."

सिग्नल लागला होता. नानांनी दोन-चार क्षण वाट बघितली, मग नारळावर बोटांनी ताल धरत हळूच गुणगुणले. सहा-सात सूर, खाली उतरत जाणारे, आणि शेवटी एकच पायरी वर.

"मधलंच शे ते," नाना म्हणाले. "दोन वरीस लागनात त्यानी चीज कराले."