चिंचोके संपले की चहा

जयनगरच्या आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पोकर चालतो. चौघंच खेळतो, पण एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, त्यामुळे किस्से चिंचोक्यांपेक्षा जास्त साठलेत. हो, चिंचोकेच लावतो आम्ही. ज्याचे आधी संपतील त्याने सगळ्यांचा चहा करायचा. यजमान होते तेव्हा अकरा वर्षं मी या टेबलाला चहा दिला. हातात ट्रे धरून, दारात उभी राहूनच खेळ शिकले. आता हरले तरच या टेबलासाठी चहा करीन, असं सगळ्यांना बजावून मग खुर्चीत बसले.

*

पहिल्याच रविवारी मला चार एक्के आले. होते नव्हते तेवढे चिंचोके पुढे ढकलले. तिघांनीही पत्ते टाकून डाव सोडला. चार एक्क्यांची कमाई किती? डाव मांडताना तिघांनी ठेवलेले तीन चिंचोके!

*

माझ्या बहिणीचा नातू रोहन सर्जापूर रोडहून येतो, आयटीवाला. म्हणाला, "आजी, स्ट्रॉंग हँड आला की समोरच्याला पळवायचं नाही. थोडं थोडं लाव."

पुढच्या डावात दोनच लावले. शेजारच्या कानडी कमलाक्कांनी लगेच पत्ते पालथे घातले. "स्वल्पच? काहीतरी शिजतंय अक्का."

*

शिकवणारा रोहन स्वतः काय करतो? हात चांगला आला की फोन उलटा ठेवतो. मला वाटायचं, हे मलाच ठाऊक. एकदा त्याने फोन उलटा केला आणि आम्ही तिघांनी एकदमच पत्ते टाकले!

*

कमलाक्कांचा संशय वस्तूंवरही. त्यात पत्ते दिसतात म्हणून स्टीलचा तांब्या उचलायला लावला. मग माझा चष्मा.

"काढते," म्हटलं. "माझे पत्ते मग तुम्हीच वाचून दाखवा."

*

राहिले कुलकर्णी. यजमानांचे मित्र, सरकारी कारखान्यातले इंजिनियर. मी जास्त लावलं की त्यांना वाटतं हात भक्कम, कमी लावलं की वाटतं सापळा. कधी सापडलेच नाहीत.

परवा मला तीन राजे, दोन दश्श्या. बाकी दोघांनी पत्ते टाकलेले. कुलकर्णींपेक्षा माझ्याकडे जेमतेम दोन चिंचोके जास्त. मी निम्मे लावले, पत्ते चष्म्याच्या डबीखाली ठेवले, आत जाऊन चार कपांचं आधण ठेवलं आणि येऊन बसले.

"वहिनी, आत्तापासूनच आधण?"

"उगाच उशीर नको."

कुलकर्णी हसले. सगळा ढीग पुढे सरकवला. मीही तेवढे लावले. त्यांनी पाच बदाम मांडले, ऐटीत. मी माझे पत्ते मांडले.

कमलाक्कांनी सगळा ढीग माझ्याकडे सरकवला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला.

"वहिनी, साखर कुठे असते हो?"