पीठआत्याचं कोरं पीठ

पीठआत्या माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. लग्न होऊन मी धावड्याला आले तेव्हा उंबऱ्यातच तिनं माझ्या साडीचा काठ वीतभर वर केला, बोटं न्याहाळली आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बोटं लांब हायेत. जीभ बी लांबच असंल." मी जालन्यात वाढलेली, अकरावी शिकलेली. असा राग आला म्हणता! त्या रागात पाठ केलेला उखाणाच विसरले. आत्याचं म्हणणं मात्र पंधरा दिवसांत खरं ठरलं.

ती माझ्या नवऱ्याची आत्या. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा शकू नावाच्या लेकीला घेऊन माहेरी आलेली, आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहणारी. गावात कुणी गेलं की जिथं जीव गेला तिथं ज्वारीचं पीठ पसरायचं, पणती लावायची, वर बांबूचं डालं पालथं घालायचं. आणि सकाळी डालं उचललं की पिठावर जे उमटलं असेल त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ओळखायचं, अशी आमच्याकडची रीत. ओळखायला सगळे आत्यालाच बोलवायचे. म्हणून ती पीठआत्या.

तिला प्रत्येक घरी काहीतरी दिसायचंच. बैलांवर जीव टाकणाऱ्या म्हाताऱ्याच्या पिठात तिला खूर दिसला. साखरेच्या डब्याला कुलूप लावणारी एक सासू गेली, तेव्हा आत्या गंभीर तोंडानं एवढंच म्हणाली, "मुंगी." त्या घरच्या सुना तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. रडत होत्या की हसत होत्या, देव जाणे.

मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. अकरावीपर्यंतची सगळी अक्कल तेव्हा माझ्या जिभेच्या टोकावर बसलेली असे. शेजारचे म्हातारे बाबा गेले. त्यांचा मुलगा डाल्याजवळ रडत उभा, आणि मी पुढं होऊन जाहीर केलं, "हे तर उंदराचे पाय आहेत!"

आत्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "उंदीर तर उंदीर," ती त्या मुलाला म्हणाली. "गणपतीच्या पायाशी बसला असंल बाप तुझा. बसायला जागा भेटली, आन् काय पायजे?" तो रडता रडता हसला. मी नाक उडवून घरी आले आणि लढाई जिंकल्यासारखा चहा प्याले. अशी मी दीडशहाणी.

दोन वर्षांनी माझी पहिली मुलगी गेली. अडीच महिन्यांची होती. दोन दिवसांचा ताप. पुरुषमाणसं तिला बांधावर पुरून आली, हातपाय धुतले, झालं. एवढ्या लहान लेकराचे दिवस नसतात, पिंड नसतो, भेटायलाही कुणी येत नाही. सासूबाई वाईट नव्हत्या, पण तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ऊठ, कापूस वेचायला चाल. जिवाला बरं वाटंल." मला एकच कळेना. जिला मान धरता येत नव्हती, ती एकटी गेली कुठं? आणि हे विचारायचं कुणाला?

मग उंदराचे पाय ओळखणारी ती शहाणी आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत्या, पीठ ठेवा."

"लेकराचं ठेवत न्हाईत, बाई."

"ठेवा."

"तू तर उंदीर म्हणत होतीस."

"उंदीर तर उंदीर," मी म्हणाले.

आत्यानं आपल्याच खोलीत परातीत पीठ चाळलं, पणती लावली आणि वर डालं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मला बोलावलं आणि डालं उचललं. पीठ कोरं होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. आत्यानं परात दाराशी उजेडात नेली, वाकून बघितलं, फिरवून बघितलं.

"काहीतरी सांगा," मी म्हणाले. "चिमणी सांगा. काहीपण सांगा."

"कोरं हाय."

"सगळ्या गावाचं दिसतं, आणि माझ्याच लेकीचं दिसत नाही?"

"तिनं कधी भुईला पाय लावला का गं?" आत्या म्हणाली. "उचलून आणली, उचलूनच नेली. पाऊल कुठून उमटायचं?"

"कुणी नेली उचलून?"

"ते मला ठाव न्हाई. बिलकुल ठाव न्हाई."

ते पीठ खरं तर गाईला घालायचं असतं. आत्यानं चूल पेटवली, त्याच पिठाची भाकर थापली आणि माझ्यापुढं ठेवली. "तीन दिसांपासून जेवली न्हाईस. खाय." मी खाल्ली. वर आणखी थोडा ठेचा मागितला, हे सांगायला आजही लाज वाटते.

तेव्हापासून माझा जो गोंधळ झालाय तो झालाय. गावाशी खोटं बोलणारी ही बाई माझ्याशीच खरं का बोलली? की गावाला खरंच दिसायचं ते सांगायची, आणि माझ्या वेळी सुचेल ते बोलली? ती भाकर पुण्य होतं की पाप? पुढं मला तीन मुलं झाली, नातवंडं झाली, तरी मधूनच मी आत्याला विचारायचे. ती म्हणायची, "माझं पीठ तू बघ. तुझी जीभ लांब हाय, कामाला येईल."

गेल्या वर्षी आत्या गेली. शकू सासरहून, आष्टीहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला आईचं तोंडही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डाल्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. साठी उलटलेली बाई, पण लहान पोरीसारखी.

"वहिनी, तू बघ. मायनं तुलाच सांगितल्तं."

मी डालं उचललं. पिठावर काहीतरी होतं खरं. मुंग्यांची रांग असेल, पालीची शेपटी फिरली असेल. चष्मा घरी राहिला होता. विसरले होते की मुद्दाम ठेवला होता, ते आता मलाही सांगता येणार नाही.

"काय दिसून राह्यलं, वहिनी? जल्दी सांग ना."

"पाऊल हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. "बाईचं. डाव्या अंगाला जास्त दाबलंय."

"डाव्याच अंगाला कामून?"

"कडेवर लेकरू असलं की भार एकीकडं येतो."

शकू पिठाकडं बघत राहिली. कुणाचं लेकरू, ते तिनं विचारलं नाही. डोळे पुसून म्हणाली, "मंग माय एकटी न्हाई गेली."

"न्हाई," मी म्हणाले. "एकटी न्हाई गेली."

मग मला राहवेना. गुडघे धरत मी घरी गेले, कपाटावरचा चष्मा घेतला आणि काच पदरानं पुसत पुसत परत आले. तोवर शकूनं पीठ परातीत भरून गाईपुढं ठेवलं होतं, आणि गाय परात चाटत होती.