बाईंच्या नावाने उघडलेली फाइल

स्वतःच्या टेबलाचा खण कोण उघडतं याचा ज्यांना पत्ता नसतो, त्या आमच्या साहेबांना एक दिवस अचानक कारखान्याच्या मेनफ्रेम संगणकावरची प्रत्येक फाइल कोण उघडतं ते कळायला हवं झालं. कारण बढत्यांची यादी जाहीर होण्याआधीच कॅन्टीनमध्ये पोचली होती. नाशिकच्या त्या कारखान्यात आयुष्यभर कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहून मी निवृत्त झालो होतो. साहेबांनी मला कंत्राटावर परत बोलावलं. ते जुने प्रोग्रॅम वाचू शकणारा दुसरा माणूस त्यांनी शिल्लकच ठेवला नव्हता.

"एक ओळ तर टाकायचीय," साहेब म्हणाले. गंगापूर रोडवरून ऑफिसला येईपर्यंत गाडीत त्यांना असले शोध लागत. ओळ एकच होती, पण शेकडो प्रोग्रॅममध्ये, जिथे जिथे फाइल उघडते तिथे, ती हाताने घालायची होती. कुठला प्रोग्रॅम, कुठली फाइल, कुणाचं नाव, किती वाजता, एवढं लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, उतरायला हवं. दोन महिने मी जुन्या सहकाऱ्यांची घाण उपसली. एका महाभागाने फाइल उघडली होती आणि बंद करायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या घरचा नळही असाच वाहत असणार.

लॉग सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी कळलं, की अख्ख्या विभागात एकच माणूस काम करतो. सगळीकडे रेकॉर्ड सेक्शनच्या बाईंचं नाव. बाई पंचवटीहून पहिल्या बसने येत, मशीनपुढे उदबत्ती लावत आणि सहाच्या सहा टर्मिनल आपल्याच नावाने सुरू करून ठेवत. बाकीचे बाजीराव मागाहून येऊन नुसते बसत. स्वतःचा पासवर्ड लक्षात ठेवायचा म्हणजे यांच्या डोक्याला केवढा ताप. मी हे साहेबांना हसत हसत सांगितलं.

"बघू नंतर," ते म्हणाले.

आठवड्याने त्यांनी बघितलं. गोपनीय अहवालांची फाइल मंगळवारी दुपारी दीडला उघडली होती, बाईंच्या नावाने. रेकॉर्ड सेक्शनचं त्या फाइलशी काही काम नसतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला साहेबांना कितीसा वेळ लागणार? संध्याकाळच्या आत मेमो टाइप झाला. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीवर डाग घेऊन त्यांना घरी जावं लागणार होतं.

बाई मेमो घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, मंगळवारी दीडला मी खिडकीशी डबा खात होते. तुम्ही बघितलंय ना? माझ्या नामपूरच्या बहिणीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी तुम्हालाही वाढली मी."

मी बघितलं होतं. त्यांच्याआधी जेवण उरकून, हात धुऊन मी त्यांच्याच टर्मिनलवर बसलो होतो. लॉग नीट लिहितो का ते तपासायला सगळ्यात गोपनीय फाइल मुद्दाम उघडली होती. माझं जुनं खातं बंद झालं होतं आणि नव्यासाठी तीन सह्यांचा फॉर्म भरायचा होता. असल्या फॉर्मांना मी कधी भीक घातली नाही; बाईंनी सुरू केलेल्या टर्मिनलवरच माझं काम चालायचं. ज्या बाजीरावांना नावं ठेवली, त्यांच्याच पंगतीत मी जेवलो होतो, आणि वर चटणीही त्याच बाईंची. मला माझीच किळस आली.

मी तडक साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी लॉगचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"यात तुमचं नाव दाखवा. बाईंना वाचवायला काहीही सांगू नका. लॉग खोटं बोलत नाही."

हे वाक्य मीच त्यांना शिकवलं होतं.

मी कोरा कागद मागितला. फाइल, वेळ, टर्मिनल, सगळं हाताने लिहून खाली सही केली. मेमो मागे घेतला गेला आणि माझं कंत्राट त्या शनिवारपर्यंतच राहिलं.

शनिवारी सकाळी ती ओळ घालायचे दोन प्रोग्रॅम अजून उरले होते. "ताई, तेवढं एक टर्मिनल सुरू करून द्या," मी म्हणालो. बाईंनी उदबत्ती लावली, फक्त स्वतःचं टर्मिनल सुरू केलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"फॉर्म भरा, सर," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी डबा एकटीनेच खाल्ला.