चाळीस शिरस्त्राणांवरचा लेप

दिनांक ८ ऑगस्ट २०१७, रक्कम चार हजार सहाशे वीस. ‘कामातील हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीपोटी पगारातून कपात.’ व्हाउचर माझ्या हातचं आहे. ज्यांच्या पगारातून ही रक्कम गेली, त्यांना आमच्या दुकानात सगळे गंजकाका म्हणत.

आमचं दुकान नाटक-सिनेमांना पोशाख आणि हत्यारं भाड्याने देतं. हत्यारं म्हणजे फोम आणि पुठ्ठा. गंजकाका त्यांवर रंगाने गंज चढवत, ढालींवर जुने वार उमटवत. नव्याचं जुनं करून घ्यायला लोक पैसे मोजतात, हे मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं.

“काका, घरची भांडी तरी धड आहेत का?” आमचा शिंपी विचारायचा.

“मी हात लावत नाही, म्हणून आहेत. तुझी शिवण मात्र कोणी हात न लावताच उसवते.”

पण रंग चढवणं हे निम्मंच काम. वर बिनचमकेचं व्हार्निश लागतं, नाहीतर नटाच्या घामाने गंज कॉलरवर उतरतो. काका ते पातळ करून तीन हात देत आणि दोन हातांमध्ये अख्खा दिवस जाऊ देत. हवेत ओल असली तर डब्याचं झाकणही उघडत नसत. ओल लेपाखाली अडकते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. कोणतंही काम आलं की आधी त्याच फोमचा तळहाताएवढा तुकडा रंगवून त्याला लेप देत. हा नमुना नीट वाळला तरच मालाला हात. रजिस्टरमध्ये ‘लेप’ या रकान्यात सही मात्र नमुन्याच्याच दिवशी करत, कारण त्यांच्या लेखी काम तिथे सुरू व्हायचं. कोणी हरकत घेतली नव्हती. मीही नाही. वीस वर्षांत त्यांच्या हातचा एक नग परत आला नव्हता, आणि याखेरीज त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं.

३१ जुलैला, सोमवारी, चाळीस शिरस्त्राणं रंगवून झाली. काकांनी नमुन्याला पहिला हात दिला आणि सही केली. मंगळवारी हवा दमट झाली. आमचे व्यवस्थापक म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ, म्हणून साऱ्या दुकानाचेच मेहुणे. ते आत आले.

“उद्या माल द्यायचाय.”

“हवा सुकू दे. पुढच्या सोमवारी देतो.”

“शिरस्त्राणं आहेत काका, अंडी नाहीत उबवत बसायला.”

“ओलीत मारलंत तर तुम्हालाच डोक्यावर घेऊन फिरावी लागतील.”

दुपारी काका बायकोचे डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. मेहुण्यांनी स्प्रे गन घेतली आणि चाळीसही नगांवर एकच जाड हात मारून मोकळे झाले. मी पलीकडच्या टेबलावर बिलं करत होतो. वासाने डोकं चढलं, तेव्हा खिडकी मीच उघडली.

सकाळी गंज कुठे दिसेना. पीठ भुरभुरावं तशी चाळीस डोकी रांगेत बसली होती. गिऱ्हाइकाने माल घेतला नाही.

मालकांनी रजिस्टर उघडलं. सही काकांची. काकांनी नमुना टेबलावर ठेवला. “हा माझा हात. यावर साय दाखवा.”

“एक तुकडा बरा निघाला, त्याचं काय लोणचं घालू?” मेहुणे म्हणाले.

मालक माझ्याकडे वळले. “तुम्ही इथेच होता. लेप कोणी मारला?”

माझी मुलगी शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पगारवाढीची यादी मेहुणे करत.

“मी बिलांत होतो,” मी म्हणालो. “लक्ष नव्हतं.”

कपातीचे बारा हप्ते पाडले. पहिल्या कापलेल्या पगारावर सही करताना काका म्हणाले, “भाऊ, तुमचं बरं आहे. कागदाला ओल लागत नाही.”

त्यांना लेपाच्या कामावरून काढून कपडे धुण्याच्या खोलीत बसवलं. वर्षभर त्यांनी घामट अंगरखे धुतले. बारावा हप्ता फिटला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, पुढेही नाहीत. त्यानंतर मेहुण्यांनी आणखी दोन कामं पांढरी केली. आता आम्ही लेप देतच नाही. गिऱ्हाइकं लाल झालेल्या कॉलरी दाखवतात, मी बिलात सूट लिहितो. मालकांना बहुधा सगळं उमगलं आहे. मला त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काकांचा मऊ केसांचा चपटा ब्रश इथेच राहिला. तो त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला होता. मी तो दुकानाच्या मालात जमा करून घेतला. त्याचे एकशे चाळीस त्यांना द्यायचे बाकी आहेत.