आईनं न केलेली सही

परवा जुन्नरला एका कचेरीत अंगठ्याला लावायच्या शाईचा वास आला आणि एका वकीलबाईंची खोली आठवली. पिंपरी पेंढारच्या मामानं माझ्या आईला तिथं आणलं होतं. माहेरच्या जमिनीतला हक्क सोडल्याची सही तिनं करायची होती. मी सोबत होते.

वकीलबाईंनी मामाला बाहेर थांबायला सांगितलं आणि आईला विचारलं, "ताई, तुमच्या मनात काय आहे?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "लग्न झालेल्या पोरीला वाटा आसतो का व्हो?"

"भावाइतकाच असतो. ठेवायचा की सोडायचा, ते तुम्ही ठरवायचं."

"न्हाई सोडला, तर म्हायेर तुटंल?"

"त्याचं उत्तर कायद्यात नाही, ताई."

खोटा धीर न देणाऱ्या त्या बाईंचं मोठेपण मला आज कळतं. आई उठली आणि बाहेर जाऊन मामाला म्हणाली, "दादा, मी सही नाय करनार. पन भाऊबीजंला येनार."

मामा तसाच निघून गेला. दिवाळीपर्यंत त्याचा फोनसुद्धा आला नाही. तरी आई ओवाळायला गेलीच. मामानं तिला दारात पाहिलं, आत वळला आणि स्वतःच पाट मांडून बसला.