सळई अजून तुटलेली नाही

भट्टी बंद करायची नाही, हे तुमच्या सत्कार समितीला फोनवर सांगून माझा घसा सुकला. तरी पत्रिकेत छापलेच: सरांच्या हस्ते भट्टी थंड करणार आणि आतली सळई काचेच्या पेटीत घालून त्यांनाच भेट देणार. पंचाहत्तरीला माणसाला त्याचेच अर्धे राहिलेले काम भेट देतात का? गौरव अंकासाठी लेख मागितलात, तर हाच माझा लेख.

मी जनाबाई, साखरशेतची. सर कॉलेजात धातूंचे शास्त्र शिकवायची नोकरी संपवून जव्हारला राहायला आले, तेव्हा झाडलोटीला गेले. मागच्या शेडमध्ये भट्टी, तिच्यात उभी सळई, खाली वजन टांगलेले. म्हटले, हे काय भाजताय? सर हसले नाहीत. बसवून सांगितले.

इंजिनातला धातू लालबुंद तापून ओझे सोसतो आणि हळूहळू लांबत जातो. त्याला क्रीप म्हणतात. आतले बारीक कण त्याला धरून ठेवतात, जसे आम्ही उतारावर दगड रचून माती धरतो. पण उष्णतेत बारीक कण विरतात, मोठे आणखी फुगतात, मधे वाटा पडतात. कुठला आधार किती काळ टिकेल आणि सगळ्यांचा मिळून जोर किती, हे सर गणिताने आधीच मांडतात.

मागची सळई त्यांच्या गणिताच्या आधी तुटली. विद्यार्थी म्हणाले, भट्टीत बिघाड होता असे लिहू. सर म्हणाले, "भट्टी ठीक आहे. मी चुकलो." मग गणित पुन्हा मांडले, नवी सळई लावली. दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या हिशेबाने ही होळीलाच तुटायची होती. सर म्हणतात, दिवाळी पाहील.

आता भट्टीवर लक्षही मीच ठेवते. भाताच्या आवणीच्या दिवसांत मला रजा देऊन सर स्वतः शेडमध्ये बसतात, वीज गेली की जनरेटर चालू करतात. मी परत आले की विचारतात, "जनाबाई, आज तुटेल का हो?" मी म्हणते, "तुमच्यापेक्षा हट्टी आहे ती."

तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. मला म्हणाले, "पोरं हौसेनं करतायत, राहू दे." म्हणून मी बोलते.

ती सळई तुटेल तेव्हा उचलायला सरांचे हात धड असोत, डोळे साफ असोत. आणि त्यानंतरची सळई लावून तीही तुटेपर्यंत वाट पाहण्याएवढे आयुष्य त्यांना मिळो.

आता सांगा, भट्टी चालू राहणार की नाही? सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. शेडची किल्ली माझ्याकडे आहे.