काकूंचे गुण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कांदिवलीच्या काकूंचं नाव घेतो. आईवडिलांनी वाढवलं, गुरुजींनी शिकवलं, ते आहेच. पण मुंबईत मला उभं केलं ते काकूंनी. मी त्यांना कायम काकूच म्हटलं, म्हणून इथंही तेवढंच नाव.

काकू आठवल्या की मला आधी त्यांचा गाल आठवतो. शिवून झालेली कुंची त्या उलटी करायच्या, तिचा गळा स्वतःच्या गालावरून हळूच फिरवायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. कुठं दोरा टोचला तर ती शिवण पुन्हा उसवायची. नाही टोचला तर घडी, पिशवी, चिकटपट्टी, आणि मग पार्सलवर हात ठेवून एकच वाक्य, "नीट जा गो बाये. वाटेत खंय बसू नको." जन्म मालवणकडचा, संसार मुंबईतला, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात दोन्हीकडचं यायचं.

कुंची तुम्ही पाहिली असेल, निदान स्वतःच्या बारशाच्या फोटोत. डोक्यावरची टोपी आणि पाठीवर सोडलेला झगा, दोन्ही एकातच. हल्ली ती शिवणारं कुणी सहज सापडत नाही. नागपूरच्या, बंगळुरूच्या मराठी आज्या मोबाईलवरून काकूंकडून कुंच्या मागवायच्या. सोबत निरोप असायचा, बारसं अमुक तारखेला आहे. काकू ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायच्या. त्यांच्या कॅलेंडरवर संकष्टीपेक्षा बारशीच जास्त.

मी मुंबईत आलो तो मराठी विषयातली बी.ए. घेऊन. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाली करत. पदवी मिळवणारा घरातला मी पहिलाच, त्यामुळं पदवीनंतर काय करायचं असतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. आमच्या गावचा एकजण कांदिवलीत, चारकोपला, काकूंच्या घरी कॉट घेऊन राहायचा. तो नोकरी बदलून गेला आणि ती कॉट मला मिळाली. काका गिरणीत होते, मी आलो तेव्हा ते फोटोत होते. माझी कॉट आणि काकूंचं शिलाई मशीन एकाच खोलीत.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण काय तुझं?"

"बी.ए. मराठी."

"मराठी? ते तर तुला येतच असणार. मग शिकलास काय?"

तेव्हापासून त्या मला 'बी.ए.' म्हणू लागल्या. "बी.ए., भात गरम आहे तोवर बस." "बी.ए., मशीनला तेल घाल रे."

काम मिळेना. एकदा मी बॅग भरायला घेतली. गावाकडं एका दुकानात हिशेब लिहायला माणूस हवा होता. काकूंनी मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "दुकान काय पळून जाणार नाय. आधी माझी पत्रं वाच, मग जा."

ही पत्रं म्हणजे त्या ज्या ऑनलाइन बाजारात कुंच्या विकत, त्या कंपनीकडून त्यांच्या मोबाईलवर येणारे इंग्रजी संदेश. मी डिक्शनरी उघडून एकेक संदेश मराठीत सांगायचो. काकू मध्येच थांबवायच्या, "असं नको बोलू, माणसासारखं सांग." मी पुन्हा सांगायचो. माझी खरी बी.ए. तिथं झाली.

पुढं एकदा त्या कंपनीची माणसं कांदिवलीत बचत गटाच्या बायकांना माहिती द्यायला आली. काकू सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमची इंग्रजी पत्रं आमच्या बायकांच्या डोक्यावरून जातात. आमच्या घरात एक पोरगा आहे, तो छान मराठीत करून सांगतो. त्याला कामाला ठेवा." आणि तिथंच त्यांनी मला मागच्या खुर्चीवरून उठवून पुढं उभं केलं. मी लाजेनं अर्धा झालो होतो. पण दुसऱ्या आठवड्यात मला अंधेरीच्या ऑफिसातून बोलावणं आलं, आणि मी नोकरीला लागलो.

माझं काम साधं होतं. विक्रेत्यांना जाणारी ठरावीक पत्रं चांगल्या मराठीत लिहायची. आणि विक्रेत्याचं काही चुकलं म्हणून जाणारी शिक्षेची पत्रं कॉम्प्युटरनं तयार केली की प्रत्येकात नाव नीट बसलंय ना ते पाहून पुढं सोडायची. मी मन लावून लिहिलं. कुणाला शिक्षेचं पत्र गेलं तरी भाषा सौम्य असावी, असं मला वाटायचं. विक्रेत्याच्या 'स्कोअर'ला मी 'गुण' हा शब्द योजला. तो साहेबांनाही आवडला.

आता हे गुण कसे ठरतात ते सांगतो. पार्सल गिऱ्हाइकाकडं ठरल्या तारखेला पोचलं नाही की विक्रेत्याचे गुण कापले जातात. पार्सल नेणारी कुरिअर कंपनी वेगळी, ती निवडते आमची कंपनी. विक्रेत्याच्या हातात फक्त माल तयार ठेवणं आणि दार उघडं ठेवणं. पण उशीर कुणामुळं झाला हे कॉम्प्युटर बघत नाही. गुण कमी झाले की दुकान गिऱ्हाइकांना दिसेनासं होतं, फारच कमी झाले की बंद.

कुरिअर कंपनीनं आपली गोदामं भिवंडीला हलवली आणि सगळं बिघडायला लागलं. पार्सल मोबाईलवर बघता येतं. काकू सकाळी चष्मा लावून बघायच्या, पार्सल भिवंडीत. संध्याकाळी बघायच्या, भिवंडीत. परवा, तेरवा, भिवंडीतच.

"भिवंडीत कुणाचं बारसं आहे काय रे?" त्या विचारायच्या.

गुण कमी झाल्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्या हसत सुटल्या. मी ऑफिसातून आलो तर मोबाईल पुढं धरला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "'आपले गुण कमी झाले आहेत.' सासूनं जन्मभर माझे गुण काढले बी.ए., पण तिनं पण असं लिहून नाय दिलं."

"काकू, गुण म्हणजे मार्क."

"मग मार्क लिही ना मेल्या. बाईमाणसाचे गुण कमी झाले म्हणून कळवतात काय?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शब्द बदलायला सांगितला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, तूच दिलास ना तो? आता सगळ्या सिस्टिममध्ये गेला. राहू दे, छान आहे."

पार्सल घ्यायला येणारा माणूस चाळिशीचा होता, दुचाकीवर मागं मोठी पिशवी बांधून यायचा. एकदा तो दोन दिवस आलाच नाही. काकू दार उघडं ठेवून बसलेल्या, आणि मोबाईलवर आलं, 'विक्रेत्याचे पार्सल तयार नव्हते'. तिसऱ्या दिवशी तो जिना चढून आला तेव्हा मी घरीच होतो.

"काय रे," काकू म्हणाल्या, "माझं पार्सल तयार नव्हतं?"

तो दारातच उभा राहिला. "मावशी, पिशवी भरली होती. कारण टाकल्याशिवाय पुढचा पत्ता उघडत नाय मोबाईलमध्ये. आणि 'पिशवी भरली' असं कारणच नाय त्यात."

"मग दुसरं कायतरी टाकायचं."

"काय टाकू? 'पत्ता खोटा', 'दुकान बंद', 'विक्रेत्याने भांडण केले'. त्यातल्या त्यात तुमचा मान ठेवून टाकलं मावशी."

काकू दारातून बाजूला झाल्या. "मान ठेवलास होय? ये, चहा घे." तो चहा पिऊन, पार्सलं घेऊन गेला. त्या पार्सलांचेही गुण कापले गेले.

एका गिऱ्हाईक बाईनं इंग्रजीत लिहिलं होतं, 'कपडा फार सुंदर, पण बारसं होऊन गेलं.' खाली पाचपैकी एकच तारा. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं ताऱ्याचं वाईट वाटलं असेल. त्या म्हणाल्या, "बाळाचं नाव काय ठेवलं ते नाय लिहिलंन."

पत्रं येत राहिली आणि काकूंचं हसणं कमी होत गेलं. शेजारच्या वहिनींना त्यांनी एकदा सहज सांगितलं, माझे गुण घसरले. वहिनी चेष्टेनं म्हणाल्या, "असं काय केलंस गं या वयात?" आधी काकू अशा बोलण्याला सवाई उत्तर द्यायच्या. त्या दिवशी आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. मग बचत गटाच्या सभेला जाणं बंद झालं. ज्या बायकांना त्यांनी स्वतः ऑनलाइन विकायला शिकवलं होतं, त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं बसायचं, असं त्यांना वाटायचं. मी म्हणायचो, काकू, यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्या म्हणायच्या, "मला माहीत आहे. पण मीच दाखवलेलं ते पहिलं पत्र त्यांनी वाचलंय ना."

आम्ही दाद मागून पाहिली. काकू सांगायच्या, मी टाइप करायचो. पार्सल त्याच दिवशी दिलं, उशीर पुढं झाला, चौकशी करावी. उत्तर मीच लिहिलेल्या शब्दांत परत आलं, 'आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. निर्णय कायम आहे.'

"नोंद कुणी घेतली?" काकूंनी विचारलं. "तू घेतलीस?"

"नाही काकू."

"मग कुणी?"

"कुणीच नाही. ते आपोआप येतं."

त्यांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "पत्र चांगलं लिहितोस रे बी.ए. फक्त खरं नाय त्यात."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. मी लिहिलेली पत्रं त्या आधी शेजारणींना कौतुकानं दाखवायच्या, त्याच आवाजात बोलल्या. मी ऑफिसात जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगितलं. कुरिअरचं काम बघणारे म्हणाले, गुण आमच्याकडं नाहीत. गुण बघणारे म्हणाले, कुरिअर आमच्याकडं नाही. कुणी उद्धट बोललं नाही. एकानं तर मला चहा पाजला.

आणि मग एका सकाळी, सोडायच्या पत्रांमध्ये काकूंचं नाव आलं. दुकान बंद करण्याचं पत्र होतं. मी उठून मॅडमच्या टेबलाशी गेलो.

"हे थांबवता येईल का?"

"कोण आहेत?"

"मी यांच्या घरी राहतो. यांच्यामुळंच इथं लागलो."

मॅडमनी पत्र पाहिलं. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाल्या, "अरे यार. हे बघ, दुकान ऑलरेडी बंद झालंय. पत्र फक्त कळवायला आहे. तू नाही सोडलंस तर उद्या सिस्टिम स्वतः पाठवणार, आणि ते इंग्रजीत जाणार. त्यांना इंग्रजीत हवंय का?"

मी नाही म्हटलं.

"खाली टीप म्हणून एक ओळ मोकळी असते ना? ती कुणी चेक करत नाही. तिथं तुला काय लिहायचं ते लिही. दुसरं माझ्या पण हातात काही नाहीये रे."

मी जागेवर येऊन बसलो. ती एक ओळ लिहायला मला दुपार झाली. बाकीच्या पत्राला मी हात लावला नाही, लावता येत नव्हता. मग पत्र सोडलं.

घरी आलो तेव्हा काकू मशीनचं झाकण लावून बसल्या होत्या. पुढं शिवून तयार असलेल्या कुंच्यांचा ढीग होता. त्यांच्या बारशांच्या तारखा पुढं होत्या, पण दुकानाबरोबर मागण्याही रद्द झाल्या होत्या. पत्र वाचलं का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सगळ्या कुंच्या कापडी पिशवीत भरल्या आणि चालत पालिकेच्या प्रसूतिगृहात गेल्या. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाल्या, "नको. तू ऑफिसला जा, तुला उशीर होईल." वरच्या गॅलरीतून मी त्यांना वळणापर्यंत पाहिलं. पिशवी त्यांनी लहान मूल घ्यावं तशी छातीशी धरली होती.

गणपतीला त्या गावी गेल्या त्या तिकडंच राहिल्या. मशीन नंतर टेम्पोनं मागवून घेतलं. गावात कुणाचं तरी काहीबाही शिवतात, असं ऐकतो. फोनवर तब्येत, पाऊस, आंबे असं सगळं बोलतात. चारकोपच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मी गोरेगावला राहतो, नोकरी तीच आहे. माझ्या पगारावर माझी धाकटी बहीण गावाकडं कॉलेजात शिकते आहे, म्हणून नोकरी सोडता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं एखादं पत्र आलं असेल तर त्यातलं मराठी बहुधा माझं असेल.

काकूंना मी पाठवलेलं पत्र असं होतं:

आदरणीय विक्रेते,

सप्रेम नमस्कार. आपले गुण आवश्यक मर्यादेपेक्षा कमी झाले आहेत. पार्सल पोचवण्यात आपल्याकडून वारंवार झालेल्या विलंबामुळे आपले दुकान कायमचे बंद करण्यात आले आहे. आपण आजवर दिलेल्या सेवेबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

आपला नम्र,
विक्रेता साहाय्य विभाग

टीप: आपली सर्व पार्सले आपल्या हातून वेळेवर निघाली होती.